पारोशा हाताची ओवी

मरणाची मला भीती नाही, हे मी त्या काळात इतक्या जणांना ठणकावून सांगितलं होतं, की शेवटी ते मलाही खरं वाटायला लागलं होतं. उजव्या छातीतली गाठ कॅन्सरची निघाली तेव्हा सोनपेठच्या आमच्या घरी रडारड झाली, मी मात्र रडले नाही. ज्या हातानं फळ्यावर लिहायची त्याच बाजूचं ऑपरेशन झालं, तेव्हाही रडले नाही. भेटायला येणाऱ्या बायका दारातूनच पदर डोळ्यांना लावत, आणि मीच त्यांना चहा विचारत असे. आमचे हे म्हणायचे, "एक दिवस तुला बघायला आलेल्यांनाच सलाईन लावावं लागंल." मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली मास्तरीण, पोरांपुढं धीर सुटू द्यायचा नाही ही सवयच लागलेली. पण ऑपरेशननंतर लाईट घ्यायला जावं लागलं आणि तिथल्या एका खोलीनं माझी सगळी ऐट उतरवली.

लाईट हा पेशंट लोकांचा शब्द. आजारी जागेवर यंत्रातून किरण सोडतात, गाठ काढल्यावर मागं काही राहिलं असेल तर तेही मरावं म्हणून. आमच्या परभणी जिल्ह्यात तेव्हा ती सोय नव्हती, म्हणून लांबच्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जावं लागलं. तिथं पेशंटला टेबलावर झोपवायचे, यंत्र वर आणायचे, आणि मग सगळेजण बाहेर जाऊन जाडजूड दार लावून घ्यायचे. दुखत काहीच नाही. थोडा वेळ निपचित पडून राहायचं, एवढंच काम. तेवढंच मला जमेना. दार लागल्याचा आवाज झाला की छातीत धडधड सुरू व्हायची, वाटायचं हे दार आता उघडणारच नाही. पहिल्याच दिवशी मी मध्येच उठून बसले. यंत्र बंद करून माणसं धावत आली. दुसऱ्या दिवशी तोच प्रकार. डॉक्टरीणबाई स्वभावानं चांगल्या होत्या, रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बाई, तुम्ही हललात की किरण भलतीकडं जातात. झोपून राहणं एवढं एकच काम तुमचं. ते आम्हाला तुमच्यासाठी करता येत नाही."

आता लोक विचारतील, अशा वेळी देवाचं नाव घ्यायचं की नाही? तिथंच तर सगळं अडलं होतं. यंत्र रोज त्याच जागी लागावं म्हणून माझ्या अंगावर जांभळ्या शाईनं रेघा ओढल्या होत्या, आणि त्या पुसल्या जाऊ नयेत म्हणून लाईट संपेपर्यंत वरच्या अंगाला पाणी लावायचं नव्हतं. कमरेखाली धुवा, तोंड धुवा, बाकी नाही. आणि मी माहेरापासून अशा वळणातली, की डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय देवापुढं उभी राहिले नाही. पारोशा अंगानं, म्हणजे आंघोळीआधी, देवाला शिवायचं नाही, दिवा लावायचा नाही, नावसुद्धा घ्यायचं नाही. आईनं घालून दिलेलं ते वळण सासरी मी आणखी कडक केलं होतं. सासूबाई थट्टेनं म्हणायच्या, आमची सून पांडुरंगालाही आधी हात धुवायला लावील. तर आता आंघोळ बंद म्हणजे माझ्या हिशोबानं देवही बंद. दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत आम्ही उतरलो होतो, तिथल्या कोनाड्यात पांडुरंगाची तसबीर मी आणून ठेवली होती, पण तिच्याकडं पाठ करून बसायची. त्या खोलीत दार लागल्यावर ओठांवर आलेलं नाव मी गिळून टाकायची, आणि मग खरोखरच कुणी उरायचं नाही.

असे काही दिवस गेले आणि एकादशी आली. तोवर लाईट निम्म्या वेळा अर्धवटच झालेली. सकाळी मला काय वाटलं कोण जाणे. धर्मशाळेच्या नळावर गेले, शिकेकाई घेतली आणि डोक्यावरून तांब्यामागून तांब्या पाणी ओतून घेतलं. उजवा हात वर जात नव्हता, म्हणून डाव्या हातानं अंग चोळलं. काय सांगू, इतका आनंद मला लग्नातही झाला नसेल. ओल्या केसांनी तसबिरीपुढं बसले, तुळशीचं पान वाहिलं आणि पोटभर नाव घेतलं. आज तो माझ्याबरोबर खोलीत येणार, याबद्दल मनात तिळमात्र शंका नव्हती. दवाखान्यात पोचले, टेबलावर झोपले, डॉक्टरीणबाईंनी वरचं कापड बाजूला केलं आणि त्या बघतच राहिल्या. एक रेघ शिल्लक नव्हती.

त्या दिवशी लाईट मिळाली नाही. सगळं मोजमाप परत घ्यावं लागणार होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मध्ये असे खंड पडणं चांगलं नाही. उद्या नव्यानं रेघा काढू. पण उद्याही तुम्ही उठून बसणार असाल तर आजच नीट विचार करा. जबरदस्तीनं हे करता येत नाही." आमचे हे बाहेर बाकावर बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. परतताना हळूच म्हणाले, "जाऊ आपण सोनपेठला. जेवढं झालं तेवढं झालं." तो माणूस मला कंटाळला नव्हता, मला होणारा त्रास त्याला बघवत नव्हता, हे मला कळत होतं. तरी मी तडकले. म्हटलं, "मी काय शाळेतून पळून जाणारी पोर आहे का?" बोलायला बोलले, पण दुसऱ्या दिवशी त्या टेबलावर मी पडून राहू शकेन असं मला मुळीच वाटत नव्हतं. आणि अर्धी लाईट टाकून घरी गेले तर पुढं काय होऊ शकतं, हे डॉक्टरीणबाईंनी न लपवता सांगितलेलं होतं.

धर्मशाळेच्या अंगणात ज्यानं त्यानं तीन विटा मांडून चूल केलेली असायची. आमच्या शेजारची चूल धुरपतामावशींची. त्या आमच्याच जिल्ह्यातल्या, पेडगावच्या. त्यांच्या मालकांना घशाचा कॅन्सर होता आणि तेही लाईट घेत होते. मावशी बौद्ध. विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा धुमसत होता ती ही वर्षं. गावागावांत माणसं एकमेकांशी जपून बोलत, काही ठिकाणी बोलतही नसत. धर्मशाळेच्या अंगणात मात्र आजारानं सगळ्यांना एका रांगेत बसवलं होतं. तरी खरं सांगते, आमचं बोलणं मीठ-मिरचीच्या पुढं कधी गेलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी चूल न पेटवता तशीच बसलेली बघून त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "बाई, तुमी असं काहून बसलाव? आज तर एकादस तुमची."

कुणाजवळ न बोललेलं मी त्या बाईजवळ बोलून गेले. दार, धडधड, रेघा, आंघोळ, सगळं. आणि शेवटी म्हणाले, "मावशी, त्या खोलीत देवाचं नावसुद्धा घेता येत नाही हो मला. पारोशी असते ना मी."

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, पीठ झटकलं आणि माझ्याकडं बघत राहिल्या. मग विचारलं, "तुमी लहानपणी दळलाव का कधी?"

"दळलं की. गिरणी यायच्या आधी आईसमोर बसून रोज दळलंय."

"कवा दळायच्या?"

"पहाटे. उठल्या उठल्या."

"आंगूळ करून?"

आंघोळ करून कोण दळतं? कोंबडं आरवायच्या आधी, झोपेतून उठून, तशाच पारोशा हातांनी आई जात्याचा खुंटा धरायची. आणि पहिली ओवी कुणाला? देवाला. पांडुरंगाचं नाव घेतल्याशिवाय आईनं कधी पहिली मूठ जात्यात वैरली नाही. मोठमोठ्यानं गायची, आळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. तीच आई आंघोळीआधी मला देवघराच्या उंबऱ्याशी थांबवायची, आणि या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघायचं इतक्या वर्षांत मला सुचलं नव्हतं. आम्ही गोदाकाठची माणसं. दळता दळता थकलेल्या दासीसमोर देव स्वतः येऊन बसला आणि त्यानं खुंटा धरला, ही गोष्ट आमच्याकडं पाळण्यातल्या लेकरालाही माहीत. ती दासी तेव्हा आंघोळ करून बसली होती असं कुणी म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

मावशी हसल्या. "आमची पहिली ओवी बुद्धाला असती, तुमची पांडुरंगाला. पर दळायला बसतो ते समद्या पारोशाच की. आन् तुमचा पांडुरंग बी ते तसंच ऐकून घेतो की."

मी म्हटलं, "पण तिथं गाता येत नाही. हलायचंच नाही."

"मग मनात गावा. लय जोरात न्हाई, संथ. ओढताना दम घ्यायचा, ओवीची ओळ म्हणताना सोडायचा. लांब सोडायचा, ओळ संपस्तोवर. दळणारीला काय कुणी शिकवतंय का ते? आपसूक व्हतंय. आमच्या म्हाताऱ्याला मी हेच सांगितलंय. त्येला गळ्यानं गाता येत न्हाई आता, मनात म्हणतो." मग तव्यावरची भाकरी उलटून म्हणाल्या, "तुमी हलू नका बाई. जातं फिरू द्या."

दुसऱ्या दिवशी नव्या रेघा ओढून घेतल्या. मी टेबलावर पडले, यंत्र वर आलं, माणसं बाहेर गेली. दार लागलं. धडधड सुरू झाली, सगळं रोजच्यासारखं. उठावंसं वाटलं, अगदी कोपर टेकवण्यापर्यंत मन गेलं. पण आज मी ठरवून आले होते. डोळे मिटले आणि आईचं जातं आठवलं. आमच्या माहेरच्या पडवीत डाव्या कोपऱ्यात असायचं, एका कडेला टवका उडालेलं. मनानंच त्याच्यापुढं पाय पसरून बसले, मूठभर ज्वारी वैरली आणि खुंटा धरला. आजारी उजव्या हातानंच धरला, आणि मनातला तो हात काही कुरकुरला नाही. दम घेतला, ओढलं. दम सोडला, पहिल्या ओळीबरोबर. सुरुवातीला दम तोकडा पडत होता, ओळ मध्येच तुटत होती, तरी पुन्हा पहिल्यापासून धरली. वर यंत्राची घरघर चालू झालेली, तीही जात्याच्या घरघरीत मिसळून गेली. त्या दिवशी जी ओवी आली ती आईची नव्हती. कुठून आली मला सांगता येणार नाही.

पारोशा गं हातानं, धरिला जात्याचा खुंटा,
समोर देव बसला, मला कशाचा गं तोटा.

आणि मग जातं हलकं झालं. जिनं कधी कुणाला समोर घेऊन दळलं असेल तिला मी काय म्हणते ते कळेल. एकटीनं ओढताना हाताला जो भार लागतो, तो समोरचीनं खुंट्याला हात घातला की एकदम निम्मा होतो. बघावं लागत नाही, हाताला समजतं. तसं झालं. मी डोळे उघडले नाहीत, कुणाचं रूप दिसलं नाही, प्रकाश पडला नाही. फक्त भार निम्मा झाला. दम आपोआप लांब जाऊ लागला, खांदे सैल पडले, पीठ जात्याच्या कडेवरून पडतंय असं वाटत राहिलं. दार उघडलं तेव्हा मला वाटलं, एवढ्यात?

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आज काय केलंत?" मी म्हटलं, "दळण दळलं." त्यांना आधी वाटलं माझं डोकं फिरलं. मग सगळं सांगितलं तेव्हा खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, "श्वास असा संथ सोडला की घाबरलेलं अंग शांत होतं, हे खरंच आहे. रोज करा. मळमळेल तेव्हा करा, झोप लागत नसेल तेव्हा करा. फक्त एक लक्षात ठेवा, गाठीचं काम यंत्र करतंय. ओवी म्हणता म्हणून लाईट सोडायची नाही." मी म्हटलं, "बाई, लाईट सोडू नये म्हणूनच तर ओवी म्हणतेय." त्या खळखळून हसल्या. पुढं माझ्यासारख्या घाबरणाऱ्या एका बाईला त्यांनी मुद्दाम माझ्याकडं पाठवलं. ती गिरणीच्या काळातली, जातं तिला ठाऊक नव्हतं. तिला मी पाळण्याच्या दोरीवर दम धरायला शिकवलं.

त्रास संपला असं नाही. कातडी भाजून काळी पडली, अन्नाची चव गेली, जिना चढताना मधल्या पायरीवर बसावं लागायचं. पण त्यानंतर एकही दिवस मी उठून बसले नाही आणि एकही दिवस चुकवला नाही. कोनाड्यातल्या तसबिरीकडं पाठ करणंही सोडलं. सकाळी पारोशा तोंडानं तिच्याकडं बघून म्हणायची, चल, दळायला जायचंय.

एके दिवशी सकाळी अंगणात आले तर मावशींच्या चुलीच्या विटा नुसत्याच मांडलेल्या होत्या. पहारेकऱ्यानं सांगितलं की पेडगावचं म्हातारं आता लाईट सोसण्यासारखं राहिलं नाही, दवाखान्यानं घरी न्यायला सांगितलं, पहिल्या एसटीनं गेले. मी त्या विटांपाशी उभी राहून रडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. स्वतःचा माणूस हातातून चाललेला दिसत असताना त्या बाईनं भाकरी थापता थापता मला धीर दिला होता, आणि मी तिला साधं "या" म्हणून निरोपही दिला नव्हता. त्याच दिवशी मनाशी ठरवलं, लाईट पुरी करायची आणि पेडगावला जायचं.

लाईट पुरी झाली. घरी आले. पुढच्या तपासण्या चांगल्या निघाल्या, शाळेत रुजू झाले. भिंतीवर बोटं चढवत चढवत हात फळ्याच्या निम्म्यापर्यंत पोचला, त्याच्या वर पोरांना लिहायला लावायची. पेडगावला जायचं म्हटल्यावर मात्र आमचे हे कचरले. नामांतरावरून वातावरण पुन्हा तापलेलं होतं, एसटी कधी बंद पडेल याचा भरवसा नव्हता. जावांनी विचारलं, आत्ताच कशाला त्या वस्तीत? मी म्हटलं, त्या खोलीत गेले, आता मला वस्तीची भीती घालता? मग हेच पिशवी घेऊन पुढं झाले.

मावशी ओसरीत बसल्या होत्या. वाळल्या होत्या, कपाळ मोकळं होतं, म्हणजे म्हातारा गेला होता. मला ओळखायला त्यांना क्षणभर लागलं. मग उठून माझा हात हातात घेतला, वर उचलून बघितला, जिथपर्यंत गेला तिथपर्यंत. "आला की हात," म्हणाल्या, आणि डोळे पुसले. पाणी दिलं. म्हाताऱ्याचं सांगितलं. शेवटी शेवटी त्याचे ओठ नुसते हलायचे म्हणाल्या, मनात दळत असावा. ओसरीच्या कोपऱ्यात जातं होतं, वर पोतं टाकलेलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "न्हाई दळत आता. दाळसुदीक गिरणीतनं आणायलेय. ते गेल्यापासून आवाज फुटंना. ओवी आल्याबिगर जातं कसं फिरवावं?"

मी पोतं बाजूला केलं. दोन एसटी बदलून आलेली, धुळीनं भरलेली, सकाळी घाईत आंघोळ राहिलेली, तशीच जात्यापुढं बसले आणि खुंट्याला उजवा हात घातला. मावशी "बाई, हाताला भार नका देऊ" म्हणत राहिल्या. रिकामंच जातं होतं, तरी मला जड जात होतं. पहिली ओवी कुणाला द्यायची याचा मी विचार केला नाही, ती बुद्धालाच दिली. मला त्यांच्या ओव्या येत नव्हत्या. माझीच ओवी घेतली, देवाच्या जागी भगवान बुद्ध घातलं, तर ओळ लांबली आणि मी मध्येच अडखळले. मावशींना हसू आलं. "चुकली बाई तुमची ओळ," म्हणाल्या आणि ती सरळ करून देण्यासाठी पुढं सरकल्या. ओळ अर्धी म्हणेपर्यंत त्यांचा आवाज घोगरा होता, मग तो फुटला, वर गेला, आणि दारातून शेजारणी डोकावायला लागल्या. दुसरी ओवी त्यांनी माझ्या पांडुरंगाला दिली.

त्या ओवीच्या मध्येच जातं हलकं झालं. तसंच, त्या खोलीत झालं होतं तसं. डोळे उघडे होते म्हणून या वेळी बघितलं. खुंट्यावर माझ्या हाताशेजारी मावशींचा हात होता, पिठाविना, उन्हानं रापलेला, आणि त्या रडत रडत गात होत्या.

त्या दिवशी खोलीत खुंटा कुणी धरला होता, हे मी कुणाला पटवून देत बसत नाही. मला जगवण्यात दवाखान्याचा, डॉक्टरीणबाईंचा, बाकावर बसून राहिलेल्या माझ्या माणसाचा वाटा आहे, आणि तो मी कधी विसरणार नाही. पण एकटीनं ओढायचा हट्ट मी सोडला तेव्हाच दुसऱ्या हाताला जागा झाली, एवढं मला कळलं. आता पहाटे जाग आली की आधी डोळे मिटूनच दम घेते, सोडते, आणि पारोशा तोंडानं नाव घेते. आंघोळ मग होतेच.